शाळेची चावी कुणाकडे?

शेंगा फोडत असाल, भाकरी थापत असाल, तर हात चालू द्या, फक्त कान इकडे असू द्या.

आज १६ जुलै या तारखेबद्दल बोलायचं आहे. २००४ साली याच तारखेला तमिळनाडूतल्या कुंभकोणम गावात एका शाळेला आग लागली आणि ९४ लेकरं गेली. आग सुरू झाली ती पोषण आहाराच्या स्वयंपाकघरात. वर झावळ्यांचं छप्पर होतं. ते पेटलं आणि आग वर्गांवर गेली. खाली उतरायला जिना अरुंद. बरोबर नऊ वर्षांनी, २०१३ च्या १६ जुलैला, बिहारमधल्या सारण जिल्ह्यात एका शाळेत दुपारचं जेवण जेवून २३ मुलं दगावली. तेलात मोनोक्रोटोफॉस सापडलं. कापसावर फवारलेलं हे औषध आपल्याकडच्या बायांना नावानिशी ठाऊक आहे. तेल बरोबर दिसत नाही असं स्वयंपाक करणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, तरी तेच वापरायला लावलं, असं तेव्हा बातम्यांत आलं. त्या बाईंनी स्वतःही ते जेवण खाल्लं आणि त्याही आजारी पडल्या.

दोन्ही ठिकाणी संकट आलं ते चुलीपाशून. आणि शाळेच्या चुलीपाशी कोण असतं? आपणच. कितीतरी बचत गटांकडे पोषण आहाराचं काम आहे. मानधन किती आणि ते कधी मिळतं हे आज काढत नाही, नाहीतर वेळ त्यातच जाईल. पण 'शाळेची सुरक्षा म्हणजे सरांचं काम' असं आपल्याला म्हणता येत नाही, एवढं नक्की.

गेल्या वर्षी आमच्या गटातल्या बायांनी मुख्याध्यापकांना विचारून शाळेत एक सराव केला. आग लागली असं समजायचं, घंटा सलग वाजवायची आणि सगळ्या मुलांनी मैदानातल्या लिंबाखाली जमायचं. पोरांना गंमत वाटली. आमचे मात्र डोळे उघडले. अर्धी पोरं दप्तर घ्यायला परत फिरली. मागच्या दाराला कुलूप होतं, कारण तिकडून शेळ्या आत शिरतात. चावी शिपायाकडे आणि शिपाई तालुक्याला गेलेला. सगळी एकाच दारातून आली, दारात रेटारेटी झाली. लिंबाखाली मोजायला गेलो तर हजेरीपट वर्गातच राहिलेला. तोंडी मोजलं तर एक पोरगी कमी. पुन्हा मोजलं, तरी कमी. कुणाच्या तोंडातून शब्द फुटेना. सराव होता हे माहीत असूनही माझे पाय थरथरले. ती पहिलीतली पोर स्वच्छतागृहात होती. घंटा तिथपर्यंत ऐकूच जात नव्हती.

त्यानंतर तीन गोष्टी बदलल्या. मागच्या दाराला शाळेच्या वेळेत कुलूप नाही, नुसती कडी, आणि शेळ्यांसाठी बाहेर काट्यांचं कुंपण. सगळ्या कुलपांची दुसरी चावी स्वयंपाकघरातल्या खिळ्याला. घंटा झाली की स्वच्छतागृह कोण बघणार आणि हजेरीपट कोण उचलणार, हे नावानिशी ठरलं. खर्च आला तो चाव्यांचा. दुसऱ्या सरावात मुलं लवकर बाहेर आली, तरी दोघं दप्तरासाठी फिरलीच. म्हणून घरीही सांगा, दप्तर जळालं तर नवं आणू.

आता स्वयंपाकघर. टाकी उभीच ठेवायची, शेगडी टाकीपेक्षा उंचावर हवी. नळीला पाच वर्षं झाली की ती बदलायची. गॅसचा वास आला तर लक्षात ठेवा, गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साठतो. काडी ओढू नका, दिव्याचं बटण दाबूही नका आणि बंदही करू नका, कारण बटणातही ठिणगी पडते. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, मुलांना लांब न्या आणि बाहेर गेल्यावर १९०६ या क्रमांकावर फोन करा. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी ओतू नका, भडका उडतो. गॅस बंद करून वर मोठं झाकण सरकवायचं. कुणी भाजलं तर त्या जागेवर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी सोडा. टूथपेस्ट नाही, शाई नाही, तूपही नाही. मग स्वच्छ कापड झाकून १०८ ला फोन.

फवारणीच्या औषधाचा डबा, बाटली, कॅन कितीही घासली तरी स्वयंपाकघरात आणायची नाही. तेल-डाळीचा वास किंवा रंग वेगळा वाटला तर तो दिवस खिचडी नाही झाली तरी चालेल. आहार मुलांना वाढण्याआधी शिक्षक धरून दोन-तीन मोठ्या माणसांनी चाखायचा, असा नियमच आहे. चव बघितल्याची सही वहीत असते. पण सही आधी आणि चव नंतर, किंवा चव नाहीच, असं होतं की नाही, खरं सांगा.

सह्यांवरून आठवलं. शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका असतात. आपल्या कितीतरी मैत्रिणी त्या समितीवर आहेत, पण वही घरी येते आणि चहा उकळेपर्यंत सही होऊन परतही जाते. मीही एकदा अशी सही केली आहे. आता पुढच्या बैठकीला स्वतः जा आणि फक्त दोन प्रश्न विचारा: मागच्या दाराची चावी कुठे आहे आणि शेवटचा सराव कधी झाला? अग्निशामक सिलिंडर भिंतीवर असेल तर त्याचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, तेही बघून या. आमच्या शाळेतला काटा लाल पट्ट्यात होता. तो भरून आणायला दोन महिने गेले, तोवर आम्ही दाराशी वाळूच्या दोन बादल्या ठेवल्या. वाळू गावच्या नाल्यातली. त्या बादल्या अजून तिथेच आहेत, फक्त पोरं त्यातली वाळू खेळायला नेतात, म्हणून दर सोमवारी भराव्या लागतात.