बसतो, पण चालत नाही!

तुमच्या घरी एखादा जुना डेस्कटॉप कॉम्प्युटर आहे का? प्लॅस्टिकचं कव्हर घालून कोपऱ्यात ठेवलेला, बटण दाबलं की घरघर करत जागा होणारा? माझ्या वडिलांकडे असा एक आहे, २००८ सालचा. त्यांचं सगळं लिखाण, गावच्या घराचे फोटो, आजीच्या आवाजातल्या ओव्या, सगळं त्यातच. एके दिवशी तो एकाएकी बंद पडला. पंखा फिरायचा, पण पडदा काळाच. दुरुस्तीवाल्यांच्या भाषेत, 'डिस्प्ले येत नाही.'

घाबरू नका, ओव्या हार्ड डिस्कमध्ये सुखरूप होत्या. ती काढून आम्ही दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली आणि सगळं उतरवून घेतलं. (असं कधी झालं तर तुम्हीही पहिलं काम हेच करा.) पण वडिलांना तोच कॉम्प्युटर हवा होता. त्यांचं मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर नव्या कॉम्प्युटरवर काही केल्या चालेना.

माझ्या नववीतल्या भाच्याने कॅबिनेट उघडलं. मदरबोर्डवर छोट्या डब्यांसारखे कपॅसिटर उभे असतात, त्यांतल्या तिघांची डोकी फुगून वर आली होती. म्हणजे बोर्ड गेला. दुरुस्तीवाल्याने प्रोसेसर दुसऱ्या बोर्डावर लावून पाहिला, तो ठणठणीत होता. प्रोसेसर होता इंटेलचा कोअर टू ड्युओ ई८४००. त्याच्या सॉकेटचं नाव ७७५, कारण प्रोसेसरच्या पोटावर ७७५ सोनेरी ठिपके असतात आणि सॉकेटमध्ये तेवढ्याच स्प्रिंगसारख्या पिना.

भाचा साठवलेले पैसे घेऊन जुन्या सामानाच्या दुकानात गेला. "७७५चा बोर्ड आहे?" "आहे ना!" घरी आणला, प्रोसेसर ठेवला, खाचा बरोबर जुळल्या, दांडी खाली दाबली. जुनी रॅमसुद्धा टक्कन बसली. बटण दाबलं, पंखा फिरला आणि... पडदा काळाच!

"मामा, फिट्ट बसलाय हो!" बिचारा रडकुंडीला आला होता. मी बोर्डावरचा चिपसेट पाहिला. इंटेल ९१५. आणि उलगडा झाला.

७७५ सॉकेट आलं २००४ साली, पेन्टियम फोरसाठी. त्याच सॉकेटमध्ये २००५ साली पेन्टियम डी आला, २००६ साली कोअर टू ड्युओ आणि मग चार कोअरचे प्रोसेसरही. भोक तेच राहिलं, पण आत येणारे पाहुणे बदलले. ९१५ हा चिपसेट २००४चा. दोन कोअरचा प्रोसेसर त्याला ठाऊकच नाही!

आता थोडं गणित करू. प्रोसेसर आणि चिपसेट एका तालावर बोलतात. आमच्या ई८४००चा मूळ ताल ३३३ मेगाहर्ट्‌झ. त्याला ९ ने गुणा, जवळजवळ ३००० येतात. म्हणून तो ३ गिगाहर्ट्‌झचा. त्याच तालाला ४ ने गुणलं की त्याच्या बसचा, म्हणजे चिपसेटशी बोलायच्या रस्त्याचा, वेग मिळतो. तो १३३३ असा लिहितात. ९१५ चिपसेटची मजल मात्र ५३३ आणि ८०० पर्यंतच. तबलजी द्रुत लयीत आणि पेटीवाला विलंबितात, मैफल जमणार कशी?

दुसरी भानगड विजेची. एसएमपीएस मदरबोर्डला १२ व्होल्ट देतो. प्रोसेसरला हवे असतात साधारण सव्वा व्होल्ट, आणि नेमके किती, ते तो काही पिनांवरून बोर्डाला सांगतो. तेवढे व्होल्ट करून देणारी मंडळी सॉकेटच्या कडेलाच बसलेली असते. ई८४०० हा ६५ वॉटचा. ६५ ला सव्वाने भागा पाहू. ५२! म्हणजे भर कामात असताना तो पन्नासच्या आसपास अँपिअर करंट ओढू शकतो. घरातल्या गीझरचा मोठा प्लग असतो १६ अँपिअरचा! म्हणून जुन्या बोर्डाला नव्या प्रोसेसरची मागणी कळली नाही किंवा झेपली नाही, तर तो सुरूच होत नाही.

आणि तिसरा बायॉस. बटण दाबल्यावर सर्वांत आधी जागा होणारा हा छोटासा प्रोग्रॅम मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये राहतो. प्रोसेसर त्याच्या ओळखीचा असावा लागतो. बोर्ड सक्षम असूनही बायॉस जुना असेल तर गाडी अडते. बायॉस नवा करता येतो, पण त्यासाठी कॉम्प्युटर सुरू व्हायला हवा, आणि सुरू व्हायला आधी ओळखीचा प्रोसेसर हवा! आधी कोंबडी की आधी अंडं? एएमडी कंपनीच्या एएम-फोर सॉकेटच्या बाबतीत २०१८ साली हीच पंचाईत झाली. तेव्हा कंपनी अडलेल्या गिऱ्हाइकांना एक साधा जुना प्रोसेसर चक्क उसना पाठवायची. बायॉस नवा करा आणि आमचा आम्हांला परत द्या! अलीकडच्या काही बोर्डांवर प्रोसेसर नसतानाही पेनड्राइव्हवरून बायॉस बदलता येतो, ते फार बरं झालं.

तुमच्या आईबाबांच्या शाळा-कॉलेजच्या दिवसांत काही काळ मात्र मजा होती. तेव्हाच्या सॉकेट सेव्हनमध्ये इंटेलचा पेन्टियम, एएमडीचा के-सिक्स आणि सायरिक्सचा प्रोसेसर, असे तीन कंपन्यांचे प्रोसेसर बसत. १९९७ साली इंटेलने पेन्टियम टूसाठी वेगळीच खाच काढली आणि वाटा वेगळ्या झाल्या.

हे सगळं फक्त पुराण्या यंत्रांचं आहे असं समजू नका हं. २०१५ साली इंटेलचं ११५१ सॉकेट आलं, सहाव्या आणि सातव्या पिढीच्या प्रोसेसरसाठी. २०१७ साली आठवी पिढी आली, तिचंही सॉकेट ११५१च. पण तिला ३०० मालिकेचा चिपसेटच लागतो. जुन्या १०० किंवा २०० मालिकेच्या बोर्डावर आठव्या पिढीचा प्रोसेसर ठेवा, छान बसेल, चालणार नाही. मला विचाराल तर सॉकेटला निदान वेगळं नाव तरी द्यायचं!

मग करायचं काय? मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची तपकीर गल्ली, बोर्ड शोधायला निघण्याआधी प्रोसेसरचं पूर्ण नाव कागदावर लिहून घ्या. मोठ्यांच्या मदतीने प्लग काढून, हीटसिंक उचलून, वरची पेस्ट पुसली की धातूच्या टोपीवर ते कोरलेलं दिसतं. इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरवर एसएल या अक्षरांनी सुरू होणारा पाच अक्षरांचा कोडही असतो, तोही टिपा. दुकानदार जो बोर्ड दाखवील त्याचं नाव पाहा आणि कोपऱ्यात रिव्हिजन छापलेलं असेल तर तेही वाचा, कारण एकाच नावाच्या दोन रिव्हिजनना वेगवेगळे प्रोसेसर चालू शकतात. मग बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या वेबसाइटवर त्या बोर्डाची प्रोसेसरची यादी उघडा. तिथे तुमच्या प्रोसेसरपुढे बायॉसचा कोणता नंबर लागतो तोही दिलेला असतो. यादीत नाव नसेल तर दुकानदार कितीही म्हणाला "चालतंय हो," पैसे देऊ नका. आणि सॉकेटमधल्या पिनांना बोट लावू नका. एक जरी वाकली तरी बोर्ड फुकट जाऊ शकतो.

दुकानदाराने भाच्याचा बोर्ड कुरकुरत का होईना, बदलून द्यायचं कबूल केलं. या वेळी यादी पाहून आम्ही जी-४१ चिपसेटचा बोर्ड निवडला. तो १३३३ला चालतो. पण इथेही एक खड्डा होताच! जी-४१चे काही बोर्ड डीडीआर-टू रॅम घेतात, काही डीडीआर-थ्री. दोन्ही रॅमना २४० पिना, पण मधली खाच वेगळ्या जागी. आमची रॅम डीडीआर-टू. पालकांनो, बोर्डाबरोबर रॅमही बदलावी लागत असेल, तर आधी एखाद्या जुन्या आख्ख्या कॉम्प्युटरची किंमत विचारून घ्या. कधीकधी तोच स्वस्त पडतो.

डीडीआर-टूचा बोर्ड मिळायला तीन आठवडे लागले. बटण दाबलं, 'टीक' असा आवाज आला आणि पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. बोर्डावरचा बटणासारखा सेल उतरला होता, त्यामुळे कॉम्प्युटरच्या मते तारीख होती १ जानेवारी २००९. भाच्याने नवा सेल बसवला, तारीख लावली आणि खुर्ची आजोबांना दिली.