मोठं पिस्तूल, मोठं संरक्षण?

स्वसंरक्षणासाठी पिस्तूल जितकं मोठं तितकं खात्रीचं, ही समजूत अमेरिकेत पक्की रुजली आहे. भौतिकशास्त्र तिला फारशी साथ देत नाही. ८ ग्रॅमची, ९ मिलिमीटर व्यासाची गोळी सेकंदाला ३५० मीटर वेगाने येऊन शरीरात रुतली, तरी तिच्या संवेगामुळे ७० किलोच्या माणसाला मिळणारा वेग सेकंदाला जेमतेम ४ सेंटिमीटर. दांडग्या मॅग्नम गोळीनेही हा आकडा फार तर काही पट होतो. सिनेमातल्यासारखं कुणी उडून पडत नाही. गोळी कुठे लागते आणि किती खोल जाते, यावर सारं ठरतं.

१९८६ साली मायामीतल्या चकमकीत एफबीआयचे दोन एजंट मारले गेले. एका हल्लेखोराच्या दंडातून छातीत शिरलेली ९ मिलिमीटरची गोळी हृदयाच्या अलीकडेच थांबली होती. मग एफबीआयने चाचणीत गोळी जिलेटिनमध्ये किमान १२ इंच खोल जावी, हा निकष लावला आणि १० मिलिमीटरचं पिस्तूल स्वीकारलं. पण त्याचा उलटा धक्का अनेकांना झेपेना. गोळ्यांची रचना सुधारल्यावर हीच संस्था पुन्हा ९ मिलिमीटरकडे वळली, कारण हलक्या धक्क्यात पुढचा नेम लवकर साधतो.

मोठी गोळी रुंद जखम करते, हे खरंच. पण व्यासातल्या काही मिलिमीटरच्या फरकाने हुकलेला नेम भरून निघत नाही, आणि हुकलेली गोळी भलत्याच कुणाला लागू शकते. जड पिस्तूल धक्का शोषतं, हेही मान्य. मात्र तेच वजन दिवसभर कमरेला वागवावं लागतं. कंटाळून ते गाडीत ठेवलं, तर चोराच्या हाती आयतं शस्त्र पडतं.