संशोधनातील शील आणि एक राहून गेलेली प्रस्तावना

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, वर्षावासाच्या काळात, आपल्या वसतिगृहात रोज सायंकाळी वंदनेनंतर ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. माजी विद्यार्थ्यांना ते आठवत असेलच. गेल्या वर्षावासात वाचन संपल्यावर नववीतल्या एका मुलाने विचारले, “सर, बाबासाहेबांना हे सगळं कुठून मिळालं?” प्रश्न साधा होता, परंतु संशोधनाच्या नीतीची सुरुवात याच प्रश्नापासून होते.

या प्रश्नाचे उत्तर बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवले होते. १९५६ साली या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यांनी स्वच्छ शब्दांत सांगितले की, स्वतंत्र निर्मितीचा आपला दावा नाही. साहित्य निरनिराळ्या ग्रंथांतून गोळा केले आहे, अश्वघोषाच्या ‘बुद्धचरिता’चे ऋण मोठे असून काही प्रसंगांच्या वर्णनात त्याची भाषासुद्धा घेतली आहे, आपले म्हणून काही असेल तर ती विषयांची मांडणी. कोलंबिया आणि लंडन येथील सर्वोच्च पदव्या मिळविलेला विद्वान आयुष्याच्या अखेरीस हे लिहितो आहे. हस्तलिखिताचे टंकलेखन करणाऱ्या नानकचंद रत्तू आणि प्रकाशचंद यांचे आभार मानायलाही तो विसरत नाही.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. १९५७ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला, तेव्हा ही प्रस्तावना त्यात नव्हती. ती का राहिली, याची चर्चा पुष्कळ झाली आहे. तिच्यात मी शिरत नाही. भगवान दास यांनी १९८० साली ती वाचकांसमोर आणली. मूळ इंग्रजी ग्रंथात आधारस्थळेही दिलेली नव्हती. त्यामुळे यातले तिपिटकातले कोणते आणि लेखकाचे कोणते, असा आक्षेप घेणाऱ्यांना आयतीच संधी मिळाली. भदंत आनंद कौसल्यायन यांनी हिंदी अनुवाद करताना पाली वाङ्मय धुंडाळून आधार शोधून काढले. त्या परिश्रमांची थोरवी आहेच. परंतु लेखकाने मोकळेपणाने दिलेली ऋणाची कबुली वाचकापर्यंत पोहोचली नाही, ही हानी लेखकाचीही झाली आणि आपलीही.

परंपरेपासून जेथे ते दूर गेले, तेथेही त्यांनी लपवाछपवी केली नाही. वृद्ध, रोगी आणि मृत पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला, ही कथा आपल्या बुद्धीला पटत नाही, असे त्यांनी छापील परिचयातच नोंदविले आणि मग रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलीय यांच्यात झालेल्या कलहाचे कारण पुढे ठेवले. वाचकाला मतभेदाची जागा अगोदरच दाखविलेली आहे.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला ‘अस्पृश्य मूळचे कोण?’ या १९४८ च्या ग्रंथाची प्रस्तावना अधिक मोलाची वाटते. पुराव्याच्या साखळीतले दुवे तुटलेले असताना आपण तर्काने आणि कल्पनेने ते सांधले आहेत, हे बाबासाहेब तेथे मान्य करतात. ज्या प्रश्नाशी त्यांच्या स्वतःच्या आयुष्याची जखम जोडलेली होती, त्याविषयी लिहिताना! अस्पृश्यतेचा उगम इ. स. ४०० च्या सुमारास झाला, असा निष्कर्ष ते काढतात. पण तो काढण्यापूर्वी काळाची अलीकडची आणि पलीकडची मर्यादा कशी ठरविली, ते सविस्तर मांडतात. सिद्धान्त नाकारायचा असेल तर नेमके काय खोडून काढावे लागेल, हे प्रतिपक्षाच्या हाती दिलेले असते. १४ एप्रिलच्या भित्तिपत्रकासाठी मुले मोबाईलवरून बाबासाहेबांच्या नावाची वचने उतरवून आणतात, तेव्हा मी कोणता खंड आणि कोणते पान, एवढेच विचारतो. बहुतेक वेळा मुले निरुत्तर होतात.

पंचशीलातील दुसरे शील अदिन्नादानापासून, म्हणजे न दिलेले घेण्यापासून, दूर राहण्याचे आणि चौथे मुसावादापासून. दुसऱ्याचा परिच्छेद आपला म्हणून छापला की दोन्ही एकदमच मोडतात. माझ्या हातून ते मोडले आहे, म्हणून लिहितो. एम. ए.च्या प्रबंधिकेसाठी पाणवठ्यांच्या संघर्षाची माहिती जमवताना एका गावातील वृद्ध आजोबांनी तीन रात्री जागून मला सर्व हकिकत सांगितली. मी लिहिले, ‘स्थानिक माहितीनुसार’. पुढे प्रत घेऊन गेलो, नातवाने मोठ्याने वाचून दाखविली. शेवटी आजोबांनी विचारले, “गुरुजी, ह्यात मी कुठं हाय?”

त्याच गावातल्या एका बाईने मात्र मारहाण करणाऱ्यांची नावे सांगून माझे नाव कुठे येऊ देऊ नका, असे बजावले होते. ते मी आजवर कोठेही लिहिलेले नाही. आजोबांचे नाव गाळणे जितके चूक, तितकेच तिचे नाव छापणे चूक ठरले असते. कोणाचे नाव द्यावे, हे संशोधकाने आपल्या सोयीने ठरवायचे नसते. सांगणाऱ्याला विचारायचे असते.

आता आपल्या मुलांच्या इतिहास प्रकल्पाच्या पहिल्या पानावर तीन रकाने असतात: कोणी सांगितले, केव्हा सांगितले, नाव देण्यास संमती आहे का. त्या नववीतल्या मुलाला मी प्रस्तावनेची छायाप्रत दिली. विहारातील ग्रंथाच्या मुखपृष्ठाच्या आत ती त्याने स्वतः चिकटवली आणि यंदाच्या वर्षावासाचे वाचन त्या पानापासून सुरू झाले.