दारावर पाटी नको!

दिवाळीच्या आधी आमच्या फलटणात कुठल्याही आळीतून जावे, चकलीचा खमंग वास आणि शिलाईयंत्राची घरघर हटकून भेटते. हा सारा व्यापार घरातला. राज्याच्या २०२० सालच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीने अशा घरगुती व्यवसायाला राहत्या वस्तीत मुभा दिली आहे. अटी मात्र सासूबाईंच्या शिस्तीच्या! राबायचे ते घरच्यांनीच, विकायचे ते तिथेच केलेले, खाणावळ नको, बाहेरून धंदा ओळखू येईल अशी पाटीही नको.

पाटीचे एक वेळ समजते. तो शेजारधर्म झाला. अडते ते पगारी माणसापाशी. शेजारच्या वहिनींना सणापुरती हाताखाली एक बाई हवी. ठेवली की नियम मोडला. न ठेवावी तर गिऱ्हाईक परत जाते.

१९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले, त्यातून ‘लिज्जत’ उभी राहिली. तिथली बाई नोकर नव्हे, भागीदार. पीठ न्यायचे आणि आपापल्या घरी लाटायचे. मी वहिनींना हीच युक्ती सुचवली.

“पापडाचं ठीक आहे, भाऊजी,” त्या म्हणाल्या, “पण तेल तापल्यावर सोऱ्याला दुसरा हात इथंच लागतो. कढई का तिच्या घरी पाठवू?”