शेगडीचा नॉब तुटला म्हणून पक्कड वापरताय? नवीन नॉब बसवण्याआधी एवढं समजून घ्या

सकाळी चहाचं आधण ठेवायचं, गॅस पेटवायला हात पुढे करायचा आणि अख्खा नॉबच हातात यायचा. हा प्रसंग बहुतेक घरांत कधी ना कधी घडलेला असतो.

मग ठरलेला कार्यक्रम सुरू होतो. डब्यातून पक्कड बाहेर येते, आतली दांडी पकडून गॅस चालू होतो, चहाही होतो आणि 'रविवारी नवीन नॉब आणू' असं ठरतं. तो रविवार काही उजाडत नाही. पक्कड मात्र ओट्यावर कायमची मुक्कामाला येते.

गॅस पेटतोय ना, मग बिघडलं कुठे? तर नॉबचं सगळ्यात महत्त्वाचं काम आहे गॅस बंद करण्याचं. दूध उतू गेलं, कढईतल्या तेलाने पेट घेतला, तर एका सेकंदात गॅस बंद करता यायला हवा. तेव्हा पक्कड शोधत बसायला वेळ नसतो. शिवाय नॉबवरची खूण बघून गॅस चालू आहे की बंद हे लांबूनही कळतं. नुसत्या दांडीकडे बघून ते कळत नाही.

नॉबच्या मागे नेमकं काय असतं?

बाहेर दिसतो तो नॉब. त्याच्या आत असते ती दांडी. आणि ही दांडी ज्याला जोडलेली असते, तो कॉक. गॅस सोडायचं आणि अडवायचं काम हा कॉक करतो.

घरगुती शेगडीच्या कॉकमध्ये साधारणपणे पितळेचा एक शंकूसारखा तुकडा असतो आणि त्याला भोक असतं. दांडी फिरवली की ते भोक गॅसच्या वाटेसमोर येतं. उलटी फिरवली की वाट बंद. या तुकड्याभोवती खास ग्रीसचा पातळ थर असतो. त्यामुळे कॉक हलका फिरतो आणि फटीतून गॅसही बाहेर येत नाही.

दांडी पूर्ण गोल नसते. तिची एक बाजू सपाट तासलेली असते, म्हणजे समोरून बघितलं तर इंग्रजी 'डी' अक्षर दिसतं. नॉबच्या मागच्या भोकाचा आकारही तसाच. म्हणूनच नॉब नुसता गोल गरगरत नाही, दांडीला सोबत घेऊन फिरतो.

नॉब तुटतो का?

पहिलं कारण उष्णता. बर्नरपेक्षा मोठं पातेलं ठेवलं की ज्योत बाजूने बाहेर येते आणि नॉबचं प्लास्टिक तापतं. असं वर्षानुवर्षं झालं की ते ठिसूळ होतं.

दुसऱ्या कारणाकडे मात्र कोणी बघत नाही. उष्णतेने कॉकमधलं ग्रीस सुकतं. कॉक जड फिरायला लागतो, माणूस जास्त जोर लावतो आणि तो सगळा जोर नॉबच्या त्या छोट्या भोकावर येतो. एक दिवस तिथेच तडा जातो.

म्हणजे नॉब वारंवार तुटत असेल, तर दुखणं बहुतेक वेळा कॉकचं असतं. नॉब बदलून ते बरं होणार नाही, नवीन नॉबही काही महिन्यांत हातात येईल.

हे जुगाड टाळा

पक्कड: तिचे दाते दांडीची सपाट बाजू खरवडतात. कडा झिजल्या की नवीन नॉबही सैल बसतो. मग नॉब फिरतो, दांडी जागच्या जागी राहते. खूण 'बंद' दाखवते आणि गॅस चालूच असतो.

फेविक्विक: गोंद ओघळून कॉकच्या तोंडाशी गेला तर दांडी अडकते. शिवाय पुढच्या वेळी नॉब निघत नाही.

खोबरेल किंवा मशीनचं तेल: जड कॉकमध्ये दोन थेंब सोडले की तो लगेच हलका होतो, म्हणून हा उपाय लोकप्रिय आहे. पण असं तेल उष्णतेत टिकत नाही आणि आतलं ग्रीस पातळ करतं. गॅस अडवणारा थरच मग कमजोर होतो.

दुकानात जाताना काय न्यायचं?

तुटलेला नॉब सोबत न्या. तुकडे झाले असतील तर त्याच शेगडीचा दुसरा चांगला नॉब काढून न्या. शेगडीचं मॉडेल सहसा खालच्या बाजूच्या लेबलवर असतं, त्याचा फोटो काढून ठेवा. त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा नॉब मिळाला तर उत्तम.

दुसरा नॉब घ्यायचा असेल तर तीन गोष्टी जुळवून बघा. पहिली, भोकाचा आकार. दांडी 6 मिलिमीटरची आहे की 8, यावर नॉब ठरतो. दुसरी, भोकाची खोली. तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, सपाट बाजू कुठे आहे. ती काही नॉबमध्ये वर असते, काहींत खाली, काहींत बाजूला. हे चुकलं तर नॉब दांडीवर छान बसतो, पण त्याची खूण खोटं बोलते.

बसवायचा कसा?

1. सगळे बर्नर बंद करा, सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा आणि शेगडी पूर्ण थंड होऊ द्या.

2. जुना नॉब सरळ स्वतःकडे ओढा. तिरका उचकटू नका. अडकला असेल तर नॉबच्या मागून पातळ फडकं घाला आणि त्याची दोन्ही टोकं धरून ओढा.

3. दांडीवरचा तेलकट थर कोरड्या फडक्याने पुसा. प्लास्टिकचा तुकडा किंवा धातूची पट्टी अडकली असेल तर ती काढा.

4. सपाट बाजू जुळवून नवीन नॉब सरळ दाबा. हातोडी नको. शेगडीच्या पत्र्याला नॉब घासत नाही ना, हे बघा. दाबून फिरवायचा नॉब असेल तर दाबायला थोडी फट हवीच.

5. रेग्युलेटर बंद असतानाच नॉब दोन-तीनदा फिरवून बघा. 'बंद'च्या खुणेवर दांडी खरोखर शेवटपर्यंत येते का, हे तपासा.

6. मग नॉब बंद ठेवून रेग्युलेटर चालू करा. दांडीच्या मुळाशी आणि पाइपच्या जोडावर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर गळती आहे. काडी पेटवून तपासायचं नाही, कधीच नाही.

मेकॅनिक कधी बोलवायचा?

कॉक जड फिरत असेल, दांडी डुगडुगत असेल, नॉब बंद करूनही बारीक ज्योत राहत असेल किंवा बुडबुडे दिसले असतील, तर शेगडी वापरणं थांबवा. कॉक घरी उघडायचा नाही. आतला प्रत्येक तुकडा आपापल्या कॉकमध्ये घासून बसवलेला असतो. दोन कॉकचे तुकडे एकमेकांत बदलले तरी गळती होऊ शकते.

नॉब मिळेपर्यंत त्याच शेगडीच्या दुसऱ्या बर्नरचा नॉब काढून वापरता येतो. मात्र एका वेळी एकच बर्नर पेटवा आणि काम झालं की रेग्युलेटरही बंद करा.

गॅसचा वास आला तर?

एलपीजीला स्वतःचा वास जवळपास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मर्कॅप्टन हा उग्र वासाचा पदार्थ मिसळतात. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. वास आला तर रेग्युलेटर बंद करा आणि दारं-खिडक्या उघडा. दिव्याचं किंवा एक्झॉस्ट फॅनचं बटण दाबू नका, चालू असेल तर बंदही करू नका, कारण ठिणगी दोन्ही वेळेला पडते. घराबाहेर या आणि 1906 या एलपीजी हेल्पलाइनवर फोन करा. हा नंबर घरातल्या आजी-आजोबांच्या मोबाइलमध्येही सेव्ह करून ठेवा, कारण दुपारच्या वेळी घरात अनेकदा तेच असतात.

आणि ओट्यावरची ती पक्कड आजच पुन्हा डब्यात ठेवा.