शेवटच्या स्टॉपपर्यंत जायचंच कशाला?

माझी उभी हयात बेस्टच्या कंडक्टरकीत गेली. वडाळा डेपो, आंबेडकर रोडवरच्या गाड्या, हातात तिकिटांची पेटी आणि पंच. दिवसभर 'पुढे चला, पुढे चला' ओरडून घसा बसायचा, पण त्या नोकरीत एक गोष्ट अंगात मुरली: गर्दीला वेळापत्रक असतं. सकाळी फोर्टकडे जाणारी गाडी दाराशी लोंबकळत जायची, तेव्हा समोरून येणारी अर्धी रिकामी असायची. संध्याकाळी सगळं उलटं. रिकाम्या गाडीतला माणूस काही जास्त शहाणा नसतो, त्याचं काम उलट्या दिशेला असतं इतकंच. घरच्यांना घेऊन फिरायला निघताना मात्र ही उलटी दिशा आपण ठरवून धरू शकतो.

मी लालबागचा. मुलगा बदलापूरला गेला, मुलगी विरारला. मे महिन्यात आणि दिवाळीत नातवंडं आमच्या दोन खोल्यांत उतरतात आणि दुसऱ्याच दिवशी 'आजोबा, कुठे जायचं?' सुरू होतं. बरोबर सूनबाई, आमची ही आणि गुडघे धरून चालणाऱ्या थोरल्या वहिनी. एकाला धावायचं असतं, एकीला बसायचं असतं आणि सर्वांत धाकटीला कडेवर यायचं असतं. एवढी वरात घेऊन निघायचं तर दिवस आखावाच लागतो.

आमची मुलं लहान होती तेव्हा त्यांना गोराईच्या एस्सेलवर्ल्डचं वेड होतं. ते १९८९ साली सुरू झालं, आता बंद पडलं. हल्लीची मुलं खोपोलीच्या इमॅजिकाचं नाव घेतात, ते २०१३चं. पण आमच्या लालबाग-परळकरांची हक्काची जागा राणीची बाग. कागदोपत्री वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. १८६२ साली ती लोकांसाठी उघडली आणि आज सुमारे ५३ एकरांवर पसरली आहे. घरापासून बसने चार स्टॉप.

बाग एवढी मोठी, पण लोक येतात सगळे एकाच वेळी. रविवारी जेवणं उरकायची, वामकुक्षी घ्यायची आणि मग निघायचं, हा मुंबईकराचा शिरस्ता. म्हणून रविवारी दुपारी तीननंतर जिजामाता उद्यानच्या स्टॉपला आमची गाडी एका दमात रिकामी व्हायची. १ जानेवारी २०२३ला रविवार आणि नवं वर्ष एकत्र आले, तेव्हा एका दिवसात ३२ हजारांवर माणसं बागेत आली. त्या दिवशी माणसांनी माणसंच पाहिली असणार. साडेनवाला फाटक उघडतं तेव्हा मात्र आत माळी, सफाई कामगार आणि आपण.

सकाळचा तास एवढा मोलाचा का, याचं साधं गणित आहे. समजा, एका पाळण्यात २४ माणसं बसतात आणि दर दोन मिनिटांनी एक फेरी सुटते. म्हणजे तासाला ७२० माणसं मोकळी होतात. तासाला ६०० येत असतील तर रांग नावालाच. पण ९०० यायला लागली की दर तासाला १८० माणसं मागे साचतात. तीन तासांत ५४० जण उभे. पुढे नवी माणसं थांबली, तरी ही रांग संपायला पाऊण तास जातो. म्हणून दुपारी एकला लागलेली रांग चारला 'आता ओसरेल' म्हणून बघायला गेलं, तर ती तिथेच असते. मागची गाडी चुकली की पुढच्या गाडीला दुप्पट माणसं, तसाच प्रकार. रांग साचण्याआधी गाठली तरच फायदा.

राणीच्या बागेत आमचा क्रम ठरलेला आहे. आधी पेंग्विन, मग वाघ, मग पक्षी, आणि झाडं शेवटी. पेंग्विनची जागा बंदिस्त, वाट अरुंद. अकरानंतर तिथे हमखास खोळंबा होतो, म्हणून पहिलं तेच. सोलहून हे हम्बोल्ट पेंग्विन जुलै २०१६मध्ये आणले आणि मार्च २०१७मध्ये लोकांना दिसायला लागले. पहिल्यांदा गेलो तेव्हा धाकट्या नातीने काचेला नाक लावलं आणि विचारलं, "आजोबा, बर्फ कुठाय?" बर्फ नव्हताच. हे पेंग्विन पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. त्यांना गारवा लागतो, बर्फ नाही. तेवढ्यात एक पेंग्विन पाण्यातून सुसाट आला आणि तिच्या नाकासमोर वळला. पोरगी किंचाळली आणि पुन्हा काचेला चिकटली. मागे वहिनींनी पदर डोक्यावरून घेतला होता. बाहेरच्या उकाड्यातून घामाघूम होऊन त्या गारव्यात शिरलं की हुडहुडी भरते. म्हणून आत जाण्याआधी घाम पुसायला रुमाल हवा. रखवालदार 'पुढे चला, पुढे चला' म्हणतो तेव्हा मला डेपोत परतल्यासारखं वाटतं.

वाघही सकाळीच पाहावा. ऊन चढलं की तो सावलीत ताणून देतो, आणि मग काचेबाहेर शंभर माणसं 'उठ, उठ' करत राहतात. जनावराला दुपारी झोपायचं कळतं, आपल्याला कळत नाही.

आता दमण्याविषयी. लोकांना वाटतं, चालून चालून पाय दुखतात. माझी सगळी नोकरी उभ्याने झाली, त्यामुळे सांगतो, चालण्यापेक्षा उभं राहणं जास्त दमवतं. चालताना पोटऱ्यांचे स्नायू आवळतात, सैल होतात आणि पायांतलं रक्त वर ढकलत राहतात. एका जागी उभं राहिलं की हे काम मंदावतं, रक्त खाली साचतं, पाय जड होतात. आमच्या किती कंडक्टरांच्या पोटऱ्यांवर शिरा फुगलेल्या असतात, बघा कधी. तेव्हा रांगेतली चाळीस मिनिटं ही चाळीस मिनिटांच्या फेरफटक्यापेक्षा महाग पडतात. रांगेत अडकलातच तर टाचा वर-खाली करत राहा. पोरांनाही करायला लावा, त्यांना तो खेळ वाटतो.

दुसरा शत्रू मुंबईची हवा. घाम वाळतो तेव्हा अंग गार होतं. मे महिन्यात इथल्या हवेत आधीच इतकी ओल असते की घाम वाळतच नाही, नुसता निथळतो. पारा तेहतीस-चौतीसवर असला तरी जीव त्याहून जास्त कासावीस होतो. म्हणून आम्ही पाणी तहान लागायची वाट न पाहता पितो, दर अर्ध्या तासाला दोन-दोन घोट. बाटलीत लिंबू, साखर, मीठ घातलेलं पाणी. पोळीत भाजी गुंडाळून केलेल्या सुरळ्या, केळी, काकडी. आमच्या चिवडा गल्लीतला चिवडाही असतोच, पण तो परत निघताना. आधी काढला तर पोरं निम्मी बाटली तिथेच संपवतात.

मूल दमलं हे त्याच्या पायांआधी त्याच्या बोलण्यावरून कळतं. एकच प्रश्न तीनदा विचारला, भावाने हात लावला म्हणून भोकाड पसरलं, समोर हत्ती असताना फुगा मागितला, की समजायचं, दहा मिनिटांपूर्वीच बसायला हवं होतं. म्हणून आमच्याकडे तासाला एक बैठक ठरलेली. पाय दुखोत न दुखोत, बसायचं. आणि बसायला राणीच्या बागेसारखी जागा शोधून सापडणार नाही. प्राणिसंग्रहालय म्हणून लोक येतात, पण मुळात ही झाडांची बाग. हत्तीच्या पायासारख्या बुंध्याची गोरखचिंच आहे, खोडालाच फुलं धरणारा कैलासपती आहे, सीताअशोक आहे, ब्रह्मदेशातली उर्वशीही आहे. वहिनींना एकूण एक झाडं ठाऊक. त्यांना सावलीतल्या बाकावर बसवलं की त्या खूश, आणि त्यांच्या गुडघ्यांच्या वेगाने चालायचं नसल्यामुळे पोरंही खूश.

सगळ्यांनी सगळीकडे एकत्रच फिरलं पाहिजे, हा हट्ट सोडला की निम्मी दमणूक वाचते. दोन तुकड्या करायच्या आणि भेटायची जागा अशी ठरवायची की लहान मुलालाही ती चुकणार नाही. आमची जागा म्हणजे बागेशेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेरचा दगडी हत्ती. घारापुरीला पोर्तुगीजांनी 'एलिफंटा' म्हटलं, ते याच हत्तीवरून. १८६४मध्ये त्याला इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला आणि उचलताना तो फुटला. तुकडे मुंबईत आले आणि १९१४मध्ये जोडून उभे केले गेले. मुलांना ही गोष्ट सांगून ठेवली की 'फुटलेल्या हत्तीपाशी' एवढं म्हटलं तरी पुरतं. शिवाय प्रत्येकाच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी. गणपतीत लालबागच्या गर्दीत वाढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही.

ऊन डोक्यावर आलं की संग्रहालयात शिरायचं. १८७२ साली उघडलेली ही वास्तू, आत छप्पर आणि शांतता. नाहीतर सरळ घर. आम्ही बहुतेकदा घरीच येतो. नातवंडं कुरकुरतात, "अजून पाणघोडा राहिलाय!" मी म्हणतो, "राहू दे. तो कुठे जात नाही." दुपारी दीडला सगळे वरणभात जेवून आडवे. त्या वेळी बागेच्या फाटकावर रांग लागायला सुरुवात झालेली असते.

हे जमतं, कारण तिकीट स्वस्त आहे. २०१७पर्यंत मोठ्यांना पाच रुपये होते. मग पन्नास झाले, मुलांना पंचवीस, आणि आईवडील व दोन मुलांना मिळून शंभर. लोकांनी तेव्हा तोंडं वाकडी केली, पण शंभर रुपयांत अर्धा दिवस बघून अर्धा सोडून देता येतो. इमॅजिकात माणशी हजाराच्या वर मोजले, घरच्या सहा-सात जणांचे पैसे गेले, की माणूस वसुलीला निघतो. खरी दमणूक इथे सुरू होते. सकाळी सातला दादरहून खोपोली लोकल, दिवसभर उन्हात एकामागून एक राइड, चारला सगळ्यांची तोंडं उतरलेली, तरी बाप म्हणतो, "पैसे भरलेत, चला, अजून दोन राहिल्यात."

मी आयुष्यभर तिकिटं फाडली. भायखळ्याला घर असलेला माणूस, तिकीट फोर्टपर्यंतचं आहे म्हणून फोर्टला जाऊन परत आलेला मला दिसला नाही. आपला स्टॉप आला की उतरायचं. पैसे फाटकावरच गेले. उरलेला दिवस चिडचिडीत घालवून ते परत येत नाहीत.

पण महाग जागी अर्धा दिवस सोडवत नसेल, तर तिथे क्रम अधिक कडक हवा. दारातून आत शिरल्यावर बहुतेक लोक पहिल्या दिसलेल्या राइडला लागतात. आपण थेट मागच्या टोकाला जायचं आणि नायट्रोसारखं मोठं रोलर कोस्टर आधी उरकायचं. त्याला उंचीची अट असते, म्हणून मुलांची उंची घरीच भिंतीशी मोजून घ्या. रांगेच्या तोंडाशी पोहोचून परत फिरायला लागलं की मुलाचा दिवस तिथेच संपतो. दुपारी छपराखालचं बघा. मिस्टर इंडिया, डीप स्पेस ही दुपारची कामं. जेवण बाराच्या आधी किंवा अडीचनंतर. वॉटर पार्क त्याच दिवशी नको. आणि परतीची लोकल आधी बघून ठेवा, खोपोलीच्या गाड्या मोजक्या असतात.

गर्दीने भल्याभल्यांची फजिती केली आहे. कॅलिफोर्नियातलं पहिलं डिस्नेलँड १७ जुलै १९५५ला उघडलं, तेव्हा खोटी आमंत्रणं छापून ठरल्यापेक्षा किती तरी जास्त माणसं आत शिरली. ऊन असं की नवं डांबर मऊ झालं आणि बायकांच्या उंच टाचा त्यात रुतल्या. प्लंबरांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ कोरडे होते. पुढे १९९९मध्ये त्याच कंपनीने वेळेची चिठ्ठी द्यायला सुरुवात केली: आता फिरून या, दोन वाजता या फाटकातून थेट आत या. आपल्याकडे इमॅजिकातही जादा पैसे भरून रांग टाळणारं एक्सप्रेस तिकीट मिळतं. ऐपत असेल तर जरूर घ्या. नसेल तर लवकर उठा, ते फुकट आहे.

जाताजाता एक सांगतो. राणीची बाग बुधवारी बंद असते, आणि शेजारचं संग्रहालयही बुधवारीच. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर बाग त्या दिवशी उघडी आणि गुरुवारी बंद. हे माहीत नसलेलं एखादं कुटुंब दर बुधवारी माझ्या गाडीत असायचंच, मुलांना नवे कपडे, हातात खाऊची पिशवी. "जिजामाता उद्यान, चार तिकिटं," बाप म्हणायचा. मी पंच खाली ठेवायचो आणि विचारायचो, "साहेब, आज वार कुठला?"