श्रमजीवी रुग्ण आणि अर्धशक्ती व्यायाम

बाजार समितीच्या आवारात दिवसभर पोती वाहणारा माथाडी तरुण सायंकाळी व्यायामशाळेतही वजने उचलतो आणि पुढे कटिशूल, अंगमर्द व अनिद्रेची तक्रार घेऊन आमच्याकडे येतो. शक्तिवर्धक औषध द्यावे, ही त्याची मागणी असते. अशा वेळी प्रथम त्याच्या दिवसाचा हिशेब विचारावा, असे आम्हांस वाटते. 50 किलोची 100 पोती म्हणजे 5 टन भार झाला.

वाग्भटाचार्यांनी बलवान व स्निग्धभोजी व्यक्तीसही अर्ध्या शक्तीनेच व्यायाम सांगितला आहे. तोही शीतकाळी व वसंतात, अन्य ऋतूंत त्याहून अल्प. ही अर्धी शक्ती कामावरच खर्ची पडली, तर व्यायामशाळेसाठी काय उरते?

व्यायाम सोडावा, असे आमचे म्हणणे नाही. कमावलेले बल टिकविण्यास आठवड्यातून एक-दोन दिवस पुरतात. ते सुट्टीचे किंवा हलक्या कामाचे असावेत. आवर्तने निम्मी करावीत, कंबरेवर भार देणारे प्रकार कमी करावेत आणि झोप अपुरी झाली असल्यास त्या दिवशी विश्रांतीच घ्यावी.

अतिश्रमानंतर तीव्र स्नायुशूल होऊन मूत्र काळपट झाल्यास वृक्कांस धोका संभवतो. अशा रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे.

औषधविक्रेते बंधूंनीही अश्वगंधा देण्यापूर्वी ग्राहकास झोपेविषयी अवश्य विचारावे. विश्रांतीची उणीव कोणत्याही चूर्णाने भरून निघत नाही.